गाडीच्या वंगणातला खर्ज

६ मार्च. सकाळपासून मिरचीचे देठ खुडते आहे. रनाळ्याच्या नणंदेने पोतं पाठवलं आहे आणि दर वर्षाप्रमाणे देठासकट पाठवलं आहे, कारण तिला माहीत आहे की मी शाळेत मुख्याध्यापिका असले तरी सुट्टीच्या दिवशी मला रिकामं बसता येत नाही. हाताची आग होते म्हणून बोटांना गोडंतेल लावून बसले आहे. पलीकडच्या खोलीत माझा भाचा आणि त्याचे मित्र जमले आहेत. त्यांनी कुठून तरी जुन्या रेकॉर्डींवरून केलेल्या कॅसेटी आणल्या आहेत, आणि एक गाणं झालं की टेप बंद करून प्रत्येक जण त्यावर बोलतो. गाणं तीन मिनिटांचं आणि बोलणं अर्ध्या तासाचं. एकाने आताच सांगितलं की या आवाजात एक वेगळीच खोली आहे. मी पदराला जोरात हात पुसला आणि ठरवलं की आता हे लिहून टाकावं. खोली कशी तयार होते ते मी फार जवळून पाहिलं आहे.

आमचं घर ब्राह्मणपुरीत होतं. घरात गुजरी आणि अहिराणीची खिचडी बोलली जायची, शुद्ध मराठी शाळेत आणि वकिलासमोर. कापूस, थोडा ऊस आणि विहिरीलगत केळी. विहिरीवरचं इंजिन दिवसभर टुकटुकत असे. ते थांबलं की मायचं लक्ष जाई. चालू असेपर्यंत ते आम्हांला ऐकूच येत नसे. घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या लाकडी बैठकीवर बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ग्रामोफोन होता. पितळी कर्ण्याचा, चावीचा. त्याच्या बाजूच्या कपाटात रेकॉर्डी. सुट्या रेकॉर्डी थोड्या, बाकीचे संच. त्या काळी एखाद्या संगीत नाटकाची सगळी पदं मिळून सहा-सात रेकॉर्डी निघत, आणि त्या एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत कागदी खिशांत घालून मिळत. लग्नाच्या फोटोंचा अल्बम असतो तशी वही. बापू तिला अल्बमच म्हणत. कापसाचा भाव चांगला आला की मायसाठी लुगडं आणि स्वतःसाठी अल्बम, असा त्यांचा नेम होता. भाव बेताचा आला की लुगडं राहून जाई.

दर रविवारी जेवणं झाली की मंडळ जमत असे. मंडळ म्हणजे चार माणसं. बापू एक. दुसरे शेजारच्या मळ्याचे छगनकाका, ज्यांना गाण्यात झोप लागे आणि बरोबर शेवटच्या ओळीला जाग येऊन 'क्या बात है' म्हणता येई. ही विद्या त्यांच्याखेरीज मी कुणातही पाहिली नाही. तिसरे युसुफचाचा, शहाद्यातले कापडाचे व्यापारी. त्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात रेकॉर्डी आणि ग्रामोफोनच्या पिना विकायला असत. कुठल्याही रेकॉर्डला ते वाईट म्हणत नसत, कारण ती त्यांनीच विकलेली असे. आणि चौथे वकीलसाहेब. तेही शहाद्याचे, आमच्याच जातीतले. त्यांनी बडोद्याला शिकत असताना मोठमोठ्या गवयांना समोर बसून ऐकलं होतं, असं ते स्वतः सांगत. त्यांच्यासाठी खुर्ची असे. बाकीचे सतरंजीवर.

मंडळाची रीत अशी होती. नवीन रेकॉर्ड लावायची नाही. नवीन काय कोणीही ऐकतं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. जुने अल्बम एकेक करून पुन्हा काढायचे, पहिल्या रेकॉर्डपासून शेवटच्यापर्यंत ऐकायचे आणि प्रत्येकाने मत द्यायचं. शेवटी वकीलसाहेब निकाल देत आणि निळ्या पेन्सिलीने रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर लिहीत. 'राखावी' किंवा 'काढावी'. याला ते फेरतपासणी म्हणत, जशी कोर्टात असते. 'काढावी' असा शेरा पडलेली रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी मायच्या ताब्यात येई. ती रेकॉर्ड धुऊन, पुसून लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवी आणि वर दगड. आमच्या माळ्यावर सात बरण्या होत्या आणि सातही गात्या गळ्यांनी झाकलेल्या होत्या. माय म्हणे, "त्यास्ना मंडळना येवढाच उपयोग शे."

चावी द्यायची, पिन बदलायची, रेकॉर्ड उलटायची हे काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा मॅट्रिक झाले होते. गावातली ती परीक्षा पास झालेली दुसरी मुलगी. पहिलीचं लग्न निकालाच्या आधीच लागलं होतं. मंडळातल्या कुणाला उठून हात चालवायला आवडत नसे, आणि मला ते काम आवडत असे. गाण्यासाठी नव्हे. यंत्र आवडे. आत काय फिरतं, कशाने फिरतं, हे पाहायला आवडे.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या मॅट्रिकच्या आदल्या वर्षी ग्रामोफोन कुरकुरू लागला होता. शहाद्याला नेला असता तर युसुफचाचांनी मुंबईला पाठवला असता, आणि मंडळाचे चार-सहा रविवार बुडाले असते. म्हणून बापूंनी स्वतः खालची फळी उघडली आणि बैलगाडीच्या आसाला लावतात ते काळं वंगण बोटाने खुपसून आत भरलं. भरपूर भरलं. कापसाच्या गाडीला लावावं तसं. मी कंदील धरून उभी होते. कुरकुर बंद झाली. बापू हात धुऊन म्हणाले, "दिखं? कारागीरनी गरजच काय?"

कुरकुर बंद झाली आणि तबकडी हळू फिरू लागली. एकदम नाही. थंडी पडली तसं वंगण घट्ट होत गेलं आणि गाणी जड होत गेली. वेग कमीजास्त करायची बाजूला एक खिट्टी होती, ती मी शेवटपर्यंत सरकवली. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. हळू फिरली की आवाज खाली उतरतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चावी संपत आली की गाणारी बाई बाप्या होते हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. मी एका रविवारी सांगितलं. सरळ सांगितलं, चावी देता देता, की बापूंनी वंगण घातल्यापासून यंत्र सावकाश चालतंय. वकीलसाहेब हसले. म्हणाले, "बेटा, यंत्र तेच आहे. बदलतो तो ऐकणारा." छगनकाका डोळे मिटूनच 'क्या बात है' म्हणाले. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची पिन लावली.

आणि त्याच हिवाळ्यात फेरतपासणीची दुसरी फेरी सुरू झाली. एका पौराणिक नाटकाचा अल्बम होता. नाव देत नाही, अजून त्याचे भक्त आहेत. त्यातल्या नायिकेची पदं गाणाऱ्या बाईला मंडळाने पहिल्या फेरीत पार झोडलं होतं. आवाज किनरा आहे, पोरकट आहे, राणी कसली ही, दासी वाटते. तरी संच मोडायला नको म्हणून दयेने 'राखावी' असं लिहिलं होतं. आता तीच रेकॉर्ड वंगणातून फिरून बाहेर आली तेव्हा तो आवाज दाट, जड, दुखावलेला असा झाला होता. पहिलं पद संपलं. मग वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "आपण चुकलो होतो," ते म्हणाले. "हा खर्ज आपल्याला तेव्हा कळला नाही. तेव्हा आपले कान कच्चे होते." बापू म्हणाले, कान पिकायला वेळ लागतोच. युसुफचाचा म्हणाले, "मैं तो बेचते वक्तही बोला था." आणि त्याच अल्बममधला नायक, जो पहिल्या फेरीत देवासारखा वाटला होता, तो आता घशात केळं अडकल्यासारखा वाटू लागला. त्याला 'काढावी' मिळालं. तो कैरीच्या लोणच्यावर गेला.

चार शिकलेल्या माणसांनी तीच रेकॉर्ड दोनदा ऐकली, दोनदा उलट निकाल दिला, आणि बिघाड कुठे आहे याचा शोध घेताना त्यांना फक्त स्वतःची प्रगती सापडली. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत काढली, शिक्षणाधिकारी पाहिले, तपासणीला येणारे साहेब पाहिले. असं मला वारंवार आढळलं. पण इतकं निखळ पुन्हा नाही. वकीलसाहेबांनी त्या बाईच्या खर्जावर शहाद्याच्या वाचनालयात भाषणही दिलं. बापू कोट घालून गेले. टाळ्या पडल्या म्हणे.

आता माझं. मॅट्रिकनंतर मी धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजला अर्ज केला होता. मास्तरीण व्हायचं होतं. मुलांचं प्रेम वगैरे नव्हतं, सांगून ठेवते. मला पगार हवा होता, स्वतःच्या नावाचा, कारण मायची लुगडी मी मोजली होती. निवड झाली. एका सोमवारी सकाळी अकराला घरच्या मोठ्या माणसाबरोबर हजर राहा, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल, असं त्यांनी कळवलं. बापू ना हो म्हणाले ना नाही. आणि मग त्या सोमवारच्या आधीच्याच रविवारी वकीलसाहेब आपल्या भाच्याला घेऊन येणार असं ठरलं. मुलगा बी.ए., पुण्याला सरकारी कचेरीत, गाण्याचा मोठा दर्दी. मुलगी दाखवण्याचा समारंभ नको, म्हणाले. मंडळ बसेल, जमना यंत्र चालवेलच, तेवढ्यात पाहणं होऊन जाईल. जमना म्हणजे मी. बापूंना ही कल्पना फारच सुसंस्कृत वाटली. जमलं तर धुळं रद्द, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मायला सांगितलं. मायने मला सांगितलं, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता. "सोमवारनी गाडी धरनी व्हई ते रविवारले तोंड उघडजो," ती म्हणाली. "मंगळवारले उघडीसन काय फायदा?"

रविवारी मायने खापरावरचे मांडे केले. पालथ्या खापरावर हातभर पसरलेली पुरणाची पोळी, ती हात भाजून घेतल्याशिवाय चांगली करता येत नाही, आणि ती खाणारा माणूस कधी त्या हाताकडे पाहत नाही. सोबत रस्स्यातल्या पातोड्या. जेवताना वकीलसाहेब मांड्यांवरही बोलले. पहिल्या मांड्यापेक्षा तिसरा मांडा कळायला जास्त वेळ लागतो, असं काहीतरी. भाच्याचं नाव मनोहर. गोरा, नीट भांग पाडलेला, बोलण्याआधी मामाच्या तोंडाकडे पाहणारा. त्याने पुण्याहून एक सुटकेसएवढी पेटी आणली होती. उघडली की आत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, बॅटरीच्या सेलवर चालणारं. कर्णा नाही, चावी नाही. छगनकाका त्या पेटीकडे नव्या बैलाकडे पाहावं तसे सगळ्या बाजूंनी पाहून आले.

पण आधी आमचा ग्रामोफोन. वकीलसाहेबांनी मुद्दाम तोच अल्बम काढायला लावला. मी चावी दिली, पिन बदलली, राणीचं विरहाचं पद लावलं. त्या बाईचा आवाज विहिरीच्या तळातून बादली ओढावी तसा वर आला. मनोहरने डोळे मिटले. पद संपल्यावर डोळे उघडून म्हणाला, "मामा, तुम्ही पत्रात लिहिलं होतं त्याहून जास्त आहे. हा खर्ज पुण्यात कुणाकडे ऐकला नाही." वकीलसाहेबांनी खुर्चीत मागे टेकून बापूंकडे पाहिलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. जणू तो खर्ज मी हुंड्यात नेणार होते.

पान खाऊन हात धुवायला म्हणून मनोहर मागच्या अंगणात आला. मी रांजणाजवळ होते. त्याने तांब्या घेतला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं यंत्र फार सावकाश चालतं. पहिल्याच ओळीत कळलं मला."

मी म्हणाले, "कळलं तर मग आत का नाही बोललात?"

"मामांना वाईट वाटलं असतं. त्यांनी भाषण दिलंय त्यावर." तो हसला. हसणं वाईट नव्हतं. "आणि काय फरक पडतो? गाणंच आहे. वडीलधाऱ्यांना होकार द्यायचा आणि आपल्याला काय वाटतं ते आपल्यापाशी. संसारातही तसंच सोपं जातं. तुम्हाला काय वाटतं ते मला सांगत जा, मी काय वाटतं ते तुम्हाला सांगेन. बाहेर कशाला?"

त्याला वाटलं तो मला विश्वासात घेतो आहे. कदाचित एखाद्या मुलीला ते आवडलंही असतं, दोघांचं गुपित वगैरे. मी मात्र तिथे तांब्याभर पाण्याएवढ्या वेळात पुढची चाळीस वर्षं पाहिली. जगातला कुणीही माझ्याबद्दल खोटं बोलला तरी हा माणूस चारचौघांत त्याला मान हलवील आणि रात्री मला सांगेल की आपल्याला खरं माहीत आहे. ज्याला कळतच नाही असा नवरा चालतो. मी पुढे तसाच केला, सुराचा आणि त्याचा संबंध नाही, पण रेडिओ बिघडला की तो रेडिओ बिघडला असं म्हणतो.

आत गेलो तर छगनकाका जागे होते आणि हट्टाला पेटले होते. "तीच पट्टी या पेटीवर लावा ना भाऊ. दिखू ते द्या." पट्टी म्हणजे त्यांच्या बोलीत रेकॉर्ड. मनोहर म्हणाला, नंतर पाहू. छगनकाका म्हणाले, नंतर कसाले, आतेच. मग रेकॉर्ड त्या पेटीवर गेली.

आणि ती बाई गायली. तिचं वय एकदम वीस-बावीस झालं. आवाज बारीक, लखलखीत, चपळ, पायऱ्या दोन-दोन करून चढावं तसा. विरह होता, पण चालता-फिरता. पद लवकर संपलं. सुई रेकॉर्डच्या मधल्या कागदावर घासत राहिली आणि ती उचलायचं कुणाला सुचेना, कारण ते यंत्र चालवायचं काम माझं नव्हतं.

युसुफचाचा आधी बोलले. "ये तो दूसरी बाई है."

"पट्टी तीच शे," छगनकाका म्हणाले. "मन्ह्या डोयासमोर काढी."

वकीलसाहेबांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. साक्षीदार फुटल्यावर होतो तसा. पण वकील तो वकील. त्यांनी मान वळवून भाच्याला विचारलं, "मनोहर, तुझी पेटी पळते का रे?"

मनोहरने एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा, आणि पाहिलं तेही, तू समजून घेशीलच, अशा नजरेने. मग म्हणाला, "हो मामा. सेल कालच नवे घातलेत. नवे सेल असले की जरा पळते."

मग सगळे बोलू लागले. विजेवरच्या यंत्रात जीव नसतो. घाई हा या काळाचा रोग आहे. बापू म्हणाले, चावीला माणसाचा हात लागतो, म्हणून त्यात माणुसकी उतरते. वकीलसाहेबांनी निळी पेन्सिल काढली आणि अल्बमच्या पुठ्ठ्यावर, पाकिटावर नव्हे, थेट पुठ्ठ्यावर लिहिलं, 'राखावी. सर्वोत्तम.' आणि पेन्सिल खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "आता दुसऱ्या विषयावर मंडळाचं मत घेऊ."

मी तिथेच होते, चावीचं हँडल हातात. माझ्यासमोर माझी फेरतपासणी सुरू झाली. छगनकाका म्हणाले, पोर चांगली, कामनी. युसुफचाचा म्हणाले, "हीरा है, साहब," आणि त्यांच्या तोंडी तोच सूर होता ज्यात ते रेकॉर्ड विकत. वकीलसाहेब म्हणाले, "ठेवण उत्तम. आवाज किंचित चढा आहे, पण तो उतरेल. तो संसाराने उतरतोच." बापू हसले. वकीलसाहेब पुढे म्हणाले, "धुळ्याचं आता राहू द्या. मनोहरला मास्तरीण नको, कान असलेली बायको हवी."

मनोहरने मान हलवली.

बापू काही बोलणार तेवढ्यात युसुफचाचा सहज म्हणाले, "लडकी से तो पूछो कोई." त्यांना गंमतच करायची होती. व्यापारी माणसं गिऱ्हाइकाला विचारतात, ती सवय. पण विचारलं गेलं होतं, आणि मायने सांगितलेला रविवार हाच होता.

मी हँडल खाली ठेवलं. म्हणाले, "या पेटीला काही झालेलं नाही. आपलं यंत्र सावकाश चालतं. बापूंनी त्यात गाडीचं वंगण भरलंय, मी कंदील धरला होता. त्या बाईचा आवाज बारीकच आहे. आणि हे पाहुण्यांनाही माहीत आहे. त्यांनी मला आताच मागच्या अंगणात सांगितलं, पहिल्याच ओळीत कळलं म्हणून."

वकीलसाहेब भाच्याला म्हणाले, "असं म्हणालास तू?"

आता त्याच्या हातात होतं. मी खरंच वाट पाहिली. तो हो म्हणाला असता तर काय झालं असतं याचा मी पुढे कधी फार विचार केला नाही, पण त्या क्षणी केला होता, आणि तो हो म्हणेल असं मला थोडं वाटलंही होतं.

"नाही मामा," मनोहर म्हणाला. "मी पाणी मागितलं फक्त. त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"मग बरं झालं," मी म्हणाले. "मला हे लग्न करायचं नाही."

त्यानंतर जे झालं ते लांबलचक होतं आणि त्यात नवीन काही नव्हतं. वकीलसाहेब उठले. मुलीला बोलायला शिकवलंत, ऐकायला शिकवलं नाही, असं बापूंना म्हणाले. हे वाक्य त्यांनी नक्की आधी कुठेतरी वापरलेलं असणार. मनोहरने पेटी मिटली. युसुफचाचा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. छगनकाका शेवटपर्यंत बसले होते. ते म्हणाले, "मी ते पहिलेच सांगत व्हतू. बारीक आवाज शे," आणि उरलेला मांडा बांधून घेऊन गेले.

बापू अंधार पडेपर्यंत बाहेर बाजेवर बसून होते. माय दिवा घेऊन गेली तेव्हा मी दाराआड होते. ते म्हणाले, "मन्ही आंडेर, मन्ह्याच घरमा, मन्ही इज्जत काढी." आंडेर म्हणजे मुलगी.

माय म्हणाली, "वंगण तुमीन घालं. इज्जत बी तुमीनच घाली त्याना संगे."

"आते शहादामा तोंड कशे दाखाडू? हिले कोन करी?"

"कोनी नही कराव. मंग धुळाले जाऊ दे. तठे तरी तिले कोनी दिखावर नही."

बापू म्हणाले, जाय म्हना कोठे जानं ते. रागाने म्हणाले, पाठ फिरवून म्हणाले. परवानगी मनापासून दिली नाही म्हणून ती कमी होत नाही. मी आत जाऊन ट्रंक भरली. मंडळाचं पुढे काय झालं असं लोक विचारतात. दोन रविवार बंद होतं. तिसऱ्या रविवारी वकीलसाहेब आले. ग्रामोफोन तसाच हळू चालत राहिला, कुणी तो उघडला नाही, आणि त्यांनी उरलेले सगळे अल्बम त्याच चालीने तपासून संपवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माय आणि मी गड्याबरोबर बैलगाडीतून शहाद्याला निघालो. बापू उठले नव्हते, निदान उठलेले दिसले नाहीत. मायने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. एकच होतं. धुळ्याची एस.टी. लागली होती, गर्दी होती. मायला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली, मला तिच्या मागे. बसले आणि पाहिलं तर शेजारी मनोहर, मांडीवर ती पेटी घेऊन. तोही त्याच गाडीने पुढे पुण्याला निघाला होता. त्याने मागे वळून पाहिलं, मग बाहेर, वकीलसाहेबांचा माणूस सामान चढवून गेला आहे याची खात्री केली, आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "काल तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मी म्हणालो होतो तसं."

"जरा मोठ्याने बोला," मी म्हणाले. "पुढे माझी माय बसली आहे, तिला ऐकू जात नाही."

तो खिडकीबाहेर पाहू लागला. कंडक्टर आला तेव्हा मी पदराच्या गाठीतले पैसे सोडले आणि दोन तिकिटं मागितली, धुळ्याची.